छपराखालची काडी

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या द्राक्षबागेत थॉमसन सीडलेसच्या वेलींमध्ये एक वेल वेगळी निघाली. तिचा मणी इतरांसारखा नव्हता. आर्वे यांनी त्या वेलीच्या काड्या काढून लावल्या आणि पुढे महाराष्ट्रभर ‘तास-ए-गणेश’ नावाने जी बाग पसरली, ती सगळी त्या एका वेलीची. नावातला ‘तास’ तासगावचा, ‘ए’ आर्वे यांचा. सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये नानासाहेब काळे यांनी अशाच चोखंदळ नजरेने ‘सोनाका’ वेगळी काढली. यात कुठेही परागीकरण नव्हते, बी नव्हते, प्रयोगशाळाही नव्हती. एका फुटव्यात निसर्गाने बदल केला, बागायतदाराने तो ओळखला आणि काडीने तो जसाच्या तसा पुढे नेला.

मूळ झाडाची हुबेहूब प्रत म्हणजे क्लोन. या अर्थाने महाराष्ट्राची बरीचशी बागायती शेती क्लोनवरच उभी आहे. उसाची टिपरी, केळीचा कंद, डाळिंबाची गुटी, कुंपणाला खोवलेला शेवग्याचा फाटा ही सगळी त्याचीच रूपे. डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड केंद्रावर आळंदी डाळिंबातून एक झाड निवडले. १९७० मध्ये त्याला ‘गणेश’ हे नाव मिळाले. पुढच्या दशकांत सोलापूर-नाशिकच्या माळरानांवर उभी राहिलेली हजारो एकर बाग त्या निवडीच्या गुटी कलमांतून आली.

मग या पुस्तिकेत नवे काय? नवे आहे ते छप्पर आणि त्या छपराखालची माती. उघड्या रानात काडी लावली की पाऊस, ऊन आणि जमीन मिळून तिचे काय ते ठरवतात. शेडनेटमध्ये किंवा पॉलिहाऊसमध्ये, ट्रेच्या बोटभर खोल खळग्यात तीच काडी लावली की हे सगळे निर्णय माणसाच्या अंगावर येतात. काडीची जात, फुलाचा रंग, झाडाची उंची हे आधीच ठरून आलेले असते, त्यात आता काही करता येत नाही. उरतात तीनच गोष्टी: मातृरोपाचे आरोग्य, प्रकाशाचे तास आणि मुळांभोवतीचे मिश्रण. पुढची प्रकरणे या तिघांविषयी आहेत आणि त्यातही सर्वांत जास्त पाने मिश्रणाला दिली आहेत, कारण पैसा आणि रोपे सर्वांत जास्त तिथेच वाया जातात.

वरवे बुद्रुकसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून हे लिखाण केले आहे. भोर तालुक्यातले हे गाव पुणे-सातारा महामार्गावर, खेड शिवापूरच्या पुढे येते. गुलटेकडीचा फूलबाजार इथून एका सकाळच्या अंतरावर आहे. पश्चिमेला भोर आणि आता राजगड म्हणवल्या जाणाऱ्या वेल्हे तालुक्याचा डोंगराळ, भरपूर पावसाचा पट्टा सुरू होतो. तिथे लाल माती आहे आणि भातशेतीही आहे. भात आहे म्हणून तूस आहे, गोठे आहेत म्हणून शेणखत आहे. महाराष्ट्रातल्या पॉलिहाऊसमध्ये जरबेराचे गादीवाफे ज्या तीन जिनसांनी भरतात त्या याच: लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस. दुसरीकडच्या शेतकऱ्याला ट्रक भाड्याने घेऊन आणावे लागणारे साहित्य या गावाच्या आसपासच मिळते.

घरात किंवा छपराखाली, कंपोस्टच्या मिश्रणात, कलमांवर झाड वाढवणे म्हटले की इंटरनेटवर शोधणाऱ्या तरुणाला आधी एकच झाड दिसते: गांजा. कॅलिफोर्निया, कॅनडा, नेदरलँड्समध्ये या विषयावर अमाप लिहिले गेले आहे आणि त्यातले पुष्कळसे गांजाच्या निमित्ताने. म्हणून इथली स्थिती आधीच स्पष्ट केलेली बरी. अंमली पदार्थविषयक १९८५ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ८ नुसार भारतात गांजाच्या झाडाची लागवड करता येत नाही. कलम २० प्रमाणे त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड रानात आहे की कुंडीत, याने फरक पडत नाही. धागा आणि बियांसाठी, तसेच बागायती कारणासाठी, सरकारने खास परवानगी देण्याची वाट कलम १४ ने मोकळी ठेवली आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये याच वाटेने औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, असे कारण त्याने दिले होते. अर्ज पोलिसांकडे गेला आणि पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटले.

सव्वाशे वर्षांपूर्वी चित्र निराळे होते. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी सात जणांचा आयोग नेमला. त्याने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. त्या काळी मुंबई इलाख्यात तेव्हाचा अहमदनगर जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जाई. पीक बियांवर होते. बियांतून नर आणि मादी दोन्ही झाडे निघतात आणि नराचे परागकण पसरले की मादीच्या फुलात बी धरते. मालाची किंमत बीविरहित फुलाला, म्हणून नर झाडे ओळखून वेळीच उपटणारी जाणकार माणसे लागत. आज जिथे हे पीक कायदेशीर आहे तिथे उत्पादक कलमांकडे वळले त्याचे मोठे कारण हेच: मादीच्या फुटव्यातून मादीच निघते.

कायद्याने ते झाड बाजूला ठेवले तरी त्याच्याभोवतीचे शास्त्र बाजूला ठेवण्याचे कारण नाही. त्या शास्त्राला भोर-पुरंदरच्या शेतकऱ्याच्या ओळखीचे एक झाड नेमके लागू पडते. ते म्हणजे शेवंती.

शेवंती आणि गांजा या दोघांचा फुलण्याचा नियम एक आहे. रात्र लांबली की कळी धरायची. हा नियम सापडला तोच मुळी भांगेच्या, म्हणजे गांजाच्याच, झाडावर. ज्युलियाँ तूर्न्वा हा तरुण फ्रेंच शास्त्रज्ञ जपानी हॉप आणि भांग यांच्या रोपांवर काम करत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपे वीतभरही वाढायच्या आत फुलावर येतात हे त्याने पाहिले आणि दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांब होण्याला महत्त्व आहे, असे अनुमान काढले. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हाच विषय पद्धतशीर मांडला, आणि १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका काटेरी तणावर दाखवून दिले की लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ उजेड पाडला तरी झाड फुलत नाही.

रोपवाटिकेच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. ज्या शेंड्यात कळी बसली, त्याची काडी निकामी. मातृरोप कायम पानावर ठेवायचे तर त्याची रात्र मोडावी लागते. इथे पुण्याचे अक्षांश आड येतात. नेदरलँड्समध्ये उन्हाळ्याचा दिवस साडेसोळा तासांच्याही पुढे जातो. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. अनेक कट-फ्लॉवर वाणांना कळीपासून रोखायला आपला जून महिनासुद्धा पुरत नाही, मग नोव्हेंबर-डिसेंबरची गोष्टच सोडा. म्हणून मातृरोपांच्या वाफ्यावर मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावतात. त्यासाठी उजेड फार प्रखर लागत नाही, पण तो चुकवून चालत नाही. ग्रामीण भारनियमनात दिव्यांची वेळ कशी साधायची, यावर दुसऱ्या प्रकरणात तपशील आहे.

महाराष्ट्रातली पारंपरिक शेवंती काश्यांवर होते. फुलांचा हंगाम संपला की झाडे छाटतात, उन्हाळाभर जगवतात, बुंध्यातून आलेल्या काश्या सुट्या करून एप्रिल-मेमध्ये लावतात आणि दसरा-दिवाळीला फूल तोडतात. पद्धत स्वस्त आहे आणि कित्येक पिढ्यांनी तिच्यावर संसार केले. तिची खोट अशी की काशी जमिनीतून निघते, त्यामुळे त्या जमिनीतली मर, मूळकूज आणि सूत्रकृमी तिच्याबरोबर नव्या रानात येतात. शेंड्याची काडी जमिनीला टेकलेलीच नसते. पाच ते सात सेंटिमीटरचा कोवळा शेंडा तोडायचा, खालची पाने काढायची, बुडाला आयबीए हे संजीवक लावायचे आणि ओलसर हवेत ट्रेमध्ये खोवायचा. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळी धरते. मुळ्या फोडणाऱ्या या संजीवकाचे गुण १९३५ मध्ये अमेरिकेच्या बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवले. आज त्याची पावडर तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मिळते.

इथपर्यंत फारसे कोणी चुकत नाही. चुकतात ते पुढे, मिश्रणात.

काडीला मुळे नसतात तेव्हा तिला खत नको असते. पाणी, हवा आणि ऊब एवढेच हवे असते. अशा वेळी ती भरपूर कंपोस्ट असलेल्या मिश्रणात खोवली तर त्यातले क्षार तिच्या उघड्या जखमेला आणि फुटू पाहणाऱ्या मुळीला भाजतात. म्हणून रोपवाटिकेत दोन टप्पे करतात. मुळी धरेपर्यंत कोकोपीट, वाळू किंवा परलाइट असे जवळजवळ निःसत्त्व माध्यम आणि मुळ्यांनी खळगा भरला की मग कंपोस्टचे कसदार मिश्रण. कोकोपीटही बाजारातून आणले आणि थेट भरले असे करता येत नाही. नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, ते आधी धुऊन काढावे लागतात. क्षारता मोजायचे छोटे ईसी मीटर हे या धंद्यातले सर्वांत कमी किमतीचे विमापत्र आहे.

दुसरी अडचण वाफशाची. शेतात पाऊस पडून गेल्यावर पाणी खाली उतरते आणि दोन दिवसांत वाफसा येतो. ट्रेमध्ये किंवा पिशवीत पाण्याला उतरायला खाली जमीनच नसते. भांडे जितके उथळ, तितका त्याच्या तळाशी ओलाव्याचा थर टिकून राहतो. शंका असेल त्याने भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा. पाणी ठिबकायचे थांबले की तोच स्पंज उभा करावा, पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणीही तेच, बदलली फक्त उंची. म्हणून शेतात सोन्यासारखी असलेली पोयट्याची माती ट्रेमध्ये चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते. मिश्रणात तूस, जाडसर वाळू किंवा पूर्ण कुजलेला काडीकचरा घालतात तो अन्नासाठी नव्हे, पाणी निथळल्यावर मोकळी पोकळी उरावी म्हणून.

मात्र कच्चे तूस धोक्याचे. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे असते. ते कुजवणारे सूक्ष्मजीव लागणारा नत्र मिश्रणातूनच उचलतात आणि रोप पिवळे पडते. शेतकरी युरिया देतो, मग क्षार वाढतात. या चक्रातून सुटायचा मार्ग म्हणजे तूस शेणाबरोबर आधी कुजवून घेणे. इथे एक मराठी नाव आठवायला हवे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांची ‘इंदूर पद्धत’ जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत आहे. इंदूरच्या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक वेळाने ढीग उलथून, तीन महिन्यांत खत तयार करण्याची ही रीत बसवली गेली. १९३१ मध्ये ऑक्सफर्डने ती पुस्तकरूपाने छापली तेव्हा मुखपृष्ठावर दोन लेखक होते: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. ढिगातल्या कर्ब-नत्राच्या गणिताला आधार लागतो तो रसायनशास्त्राचा आणि वाड हे तिथे रसायनाचेच काम पाहत. पहिल्या नावाचा पुढे गाजावाजा झाला, दुसरे नाव महाराष्ट्रातही फारसे घेतले जात नाही.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये जॉन इनेस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूएल कुंडीतल्या मातीच्या मागे लागले होते. आनुवंशशास्त्राच्या प्रयोगांसाठी लावलेली प्रिम्युलाची रोपे मरत आणि त्यांच्याबरोबर प्रयोगही बुडत. तोवर प्रत्येक माळ्याची, प्रत्येक झाडासाठी, वेगळी आणि गुप्त माती असे. या दोघांनी बहुतेक झाडांना चालेल असे एकच मिश्रण ठरवले: माती ७ भाग, पीट ३ भाग, वाळू २ भाग. त्यातली माती वाफेने तापवून घ्यायची. इंग्रज माळी आजही ‘जॉन इनेस’ म्हणून ते विकत घेतो. आपल्याकडे पीट नाही, पण सूत्रामागचा हिशेब लागू पडतो: बांधणीसाठी माती, ओल धरायला कुजलेला सेंद्रिय भाग, निचऱ्यासाठी खरबरीत जिन्नस. तिसऱ्या प्रकरणात भोर परिसरातल्या साहित्यावर बेतलेली मिश्रणे याच हिशेबाने मांडली आहेत.

माती तापवावी की नाही, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या केनेथ बेकर यांनी कुंडीतल्या रोपांसाठी निर्जंतुक मिश्रणाची पद्धत पुस्तकातून मांडली आणि जगभरच्या रोपवाटिका तिच्यावर गेल्या. आपल्या पॉलिहाऊसमध्ये गादीवाफ्यांना फॉर्मालिन देण्याची चाल त्याच विचारातली. पण माती पूर्ण मारली की मोकळी जागा पहिल्या येणाऱ्याची होते आणि पहिला येणारा बहुधा रोप कोलमडवणारी बुरशीच असते. हे बेकर यांनाही दिसले. पुढे त्यांनीच हवा मिसळलेली वाफ वापरून साधारण ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवायचा मध्यममार्ग सुचवला, म्हणजे रोगकारक मरतात आणि मित्रजीवांतले बरेच तगतात. ओहायोचे हॅरी होइटिंक यांनी उलट दिशेने काम केले. नीट कुजवलेली झाडाची साल मिश्रणात घातली की मूळकुजीच्या बुरशी दबून राहतात, हे त्यांनी दाखवले. चांगल्या पेटलेल्या ढिगात ५५ अंशांच्या वर तापमान काही दिवस टिकते, तेवढ्यात बहुतेक रोगबीजे मरतात. मग ढीग निवतो आणि मित्रबुरशी वस्तीला येतात. ट्रायकोडर्मा मिसळायची वेळ ही. तापलेल्या ढिगात टाकलेला ट्रायकोडर्मा वाया जातो.

कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून आपली माती आपणच घडवण्याचे बळ शेतकऱ्यांना दिले. मापे घ्या, नोंदी ठेवा, आपल्या आवारातल्या काडीकचऱ्यातून माती घडवा आणि निष्कर्ष एकमेकांना पत्राने कळवा, अशी त्यांची रीत होती. द्राक्ष बागायतदारांपासून मुंबईच्या गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांपर्यंत माणसे त्यात ओढली गेली. या पुस्तिकेतले तक्ते त्याच पठडीतले आहेत, ते वाचायचे कमी आणि भरायचे जास्त.

क्लोनचा सर्वांत मोठा धोका त्याच्या गुणातच आहे. आईचा चांगुलपणा जसा उतरतो तसा तिचा रोगही. ‘भगवा’ डाळिंबाची लाट चढत असतानाच महाराष्ट्रात तेल्या हा जिवाणूजन्य रोग पसरला आणि रोगट झाडांवर बांधलेल्या गुट्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हा जिवाणू घेऊन गेल्या. २००५ मध्ये सोलापुरात डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले तेव्हा त्याच्यापुढे हा प्रश्न उभाच होता. शेवंतीत याहून सूक्ष्म शत्रू आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत शेवंती खुरटण्याचा रोग आढळला. १९७१ मध्ये थिओडोर डीनर यांनी बटाट्यावर काम करताना विषाणूहूनही लहान अशा ‘विरॉइड’ची ओळख करून दिली आणि पुढे शेवंतीचा खुरटा रोगही अशाच एका विरॉइडमुळे होतो हे कळले. तो कात्रीच्या पात्यावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात गांजाच्या परवानाधारक बागा खुरटू लागल्या तेव्हाही आरोपी निघाला हॉपचा एक विरॉइड, तोही कलमांच्या देवघेवीतून शिरलेला. एका बाजूला बेकायदा आणि दुसऱ्या बाजूला देव्हाऱ्यातले, तरी दोन्ही झाडांना बसलेला फटका एकाच जातीचा. चौथे प्रकरण म्हणून फक्त कात्री, हात आणि मातृरोपे बदलण्याचे वेळापत्रक यांच्यावर आहे.

यावर टिश्यू कल्चरचा उपाय आहे आणि त्यातही पुणे पुढे होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्करेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाटलीतल्या बांबूच्या रोपांना फुलवून दाखवले. तो शोध १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. पण बाटलीतून बाहेर आलेल्या रोपालाही शेवटी मातीत उतरावे लागते आणि उतरताना ते काडीपेक्षा नाजूक असते. मिश्रण चुकले तर महाग रोप मरते, एवढाच काय तो फरक.

शेवटचा प्रश्न मालकीचा. विकत आणलेल्या सुंदर वाणाच्या शेंड्यांवरून आपण रोपे केली तर ती कोणाची? वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ मध्ये ‘बियाणे’ या शब्दाची व्याख्या फक्त दाण्यापुरती नाही, ज्यातून पुन्हा तसेच रोप उभे राहू शकते असा वनस्पतीचा सजीव भागही तिच्यात येतो. कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बियाणे राखून ठेवण्याची, पुन्हा लावण्याची, वाटण्याची आणि विकण्याचीही मुभा देते. मात्र त्या वाणाचे नाव-शिक्का लावलेले, वेष्टनबंद बियाणे त्याला विकता येत नाही. बांधावरच्या शेजाऱ्याला दिलेला ट्रे आणि छापील लेबलासह महामार्गालगत मांडलेला ट्रे यांच्यात कायद्याने असा भेद केला आहे. म्हणून ज्यांना व्यावसायिक रोपवाटिका काढायची आहे, त्यांनी मातृरोपे खरेदी करतानाच वाण नोंदणीकृत आहे का, गुणनाचा परवाना कोणाकडे आहे आणि स्वामित्वशुल्क किती, हे लेखी मागून घ्यावे. त्यासाठी विचारायच्या प्रश्नांची यादी आणि पावत्या जपण्याची पद्धत पाचव्या प्रकरणात दिली आहे.